आवाज वाढवू नका, जरा सरकून घ्या!

कॉलेजच्या गॅदरिंगला हॉलच्या मागच्या रांगेत बसून तुम्ही हे नक्की अनुभवलं असेल. स्टेजवर तुमच्याच वर्गातला बँड. गाणारा डोळे मिटून, जीव तोडून गातोय. गिटार वाजतेय, ढोलकी वाजतेय, छातीत धडधडतंय. फक्त एकच गोष्ट कळत नाहीये. तो म्हणतोय काय? मग तुमच्या शेजारचा ओरडतो, ‘‘आवाज वाढव रे!’’ साउंडवाले दादा आवाज वाढवतात. आणि मघाशी जे शब्द कळत नव्हते, ते आता जास्त मोठ्याने कळत नाहीत.

हसू नका. यात स्टेजवरच्या त्या पोराचं नुकसान झालेलं असतं. दोन महिने तालीम केली, शब्द लिहिले, चाल बसवली आणि त्यातलं निम्मं मागच्या रांगेपर्यंत पोचलंच नाही. घरी लॅपटॉपवर गाणं मिक्स करून टाकणाऱ्यांचंही हेच होतं. म्हणून आज थोडं स्पष्ट बोलूया. आपल्याला ‘लाऊड’ हवं असतं, त्यात चूक काहीच नाही. पण लाऊड म्हणजे सगळं वाढवणं, हा आपला समज चुकीचा आहे. गाणं मोठं आणि स्वच्छ ऐकू यायला हवं असेल, तर आधी काहीतरी कमी करावं लागतं. कुठे आणि किती कमी करायचं, हे करण्याचं साधन म्हणजे इक्वलायझर, आपल्या भाषेत ईक्यू.

हे मला पुस्तकातून नाही, फजितीतून कळलं.

गेल्या वर्षी आमच्या ग्रुपने हॉस्टेलच्या खोलीत एक गाणं रेकॉर्ड केलं. शब्द आमच्याच बॅचमधल्या मैत्रिणीचे. ती खानदेशातल्या एका छोट्या गावची. गाणं होतं तिच्या घरामागच्या विहिरीवर. साथीला गिटार, बेस गिटार, हार्मोनियम आणि ढोलकी. ऑडिओ प्रॉडक्शनच्या पेपरला बरे मार्क पडले होते, म्हणून मिक्सिंग माझ्या गळ्यात पडलं. मी लॅपटॉपसमोर बसले आणि माझ्या खुर्चीमागे सगळे उभे. ‘‘माझी गिटार जरा वर घे ना.’’ घेतली. ‘‘आता हार्मोनियम दबली यार.’’ तीही वर घेतली. ‘‘ढोलकीत दम नाही.’’ ढोलकी वर. मग आवाज ऐकू येईना म्हणून आवाज वर. स्क्रीनवर लाल दिवा लागला, आवाज फाटायला लागला, म्हणून शेवटी मास्टर फेडर खाली आणला. फिरून फिरून भोपळे चौकात!

तरी आम्ही खुशीत होतो. मैत्रिणीने ते गाणं व्हॉट्सअ‍ॅपवर आईला पाठवलं. अर्ध्या तासाने उत्तर आलं, ‘‘चाल छान आहे गं. पण शब्द लागत नाहीत.’’

ती काही बोलली नाही. मोबाइल उलटा करून टेबलावर ठेवला, एवढंच. पण ज्या एका माणसासाठी गाणं लिहिलं, त्याच माणसाला ते ऐकून काही कळलं नाही, हे आम्हा सगळ्यांना लागलं.

एका बाकावर पाच जण

दुसऱ्या दिवशी ती फाइल घेऊन मी डिपार्टमेंटच्या स्टुडिओतल्या काकांकडे गेले. त्यांनी मिनिटभर ऐकलं आणि म्हणाले, ‘‘एसटीच्या तिघांच्या बाकावर पाच जण बसवलेत आणि पाचही जण मांडी घालून बसलेत. आवाज वाढवून काय होणार? त्यांना सरकायला सांग.’’

आता हा बाक म्हणजे काय ते बघा. माणसाच्या कानाला साधारण २० हर्ट्झपासून २०,००० हर्ट्झपर्यंतचा ध्वनी ऐकू येतो. वय वाढतं तशी वरची हद्द खाली येते. सगळं संगीत एवढ्याच जागेत बसवायचं असतं. बेस गिटारची सर्वांत जाड तार सुमारे ४१ हर्ट्झला वाजते, साध्या गिटारची ८२ हर्ट्झला. ढोलकीची घुमणारी बाजू याच शेजारात कुठेतरी. २०० ते ४०० हर्ट्झ म्हणजे सर्वांत गर्दीचा स्टॉप. गिटारच्या लाकडाचा घुमारा, हार्मोनियमचा भरणा, गाणाऱ्याच्या छातीतला आवाज, छोट्या खोलीचं घुमणं, सगळे इथे चढतात. गाणं कोंदट वाटतं, जणू कोणीतरी स्पीकरवर गोधडी टाकलीय, तेव्हा बहुतेकदा गोंधळ इथेच असतो.

आणि मग येतो २,००० ते ५,००० हर्ट्झचा पट्टा. इथे शब्द राहतात. तुम्ही गाताना ‘आ’ लांबवता तेव्हा आवाजाचा बहुतेक जोर खालच्या आणि मधल्या पट्ट्यात असतो. पण तुम्ही ‘ताक’ म्हणालात की ‘टाक’, हे ठरवणारा क्षणभराचा जो आघात आहे, तो बराचसा या वरच्या पट्ट्यात असतो. ‘स’ची शीळ तर त्याच्याही वर. जुन्या टेलिफोनवर साधारण ३०० ते ३,४०० हर्ट्झएवढाच ध्वनी जायचा. बोलणं कळायचं, पण ‘स’ आणि ‘फ’ची गल्लत व्हायची आणि नाव सांगताना ‘स, सांगलीचा स’ असं म्हणावं लागायचं. त्यामागचं कारण हेच.

गंमत अशी की गिटारच्या तारेवर पिक घासल्याचा आवाज, हार्मोनियमच्या पट्ट्यांची चिरचिर आणि ढोलकीची कडक थापही याच पट्ट्यात येते. दोन ध्वनी एकमेकांच्या अगदी जवळ असले की जोरकस ध्वनी दुसऱ्याला झाकून टाकतो. याला मास्किंग म्हणतात. झाकला गेलेला ध्वनी रेकॉर्डिंगमध्ये असतो, पण आपल्याला ऐकू येत नाही. आमच्या मैत्रिणीचे शब्द असेच हार्मोनियमच्या खाली गाडले गेले होते. आम्ही शब्द वर काढायला सगळ्यांचेच फेडर ढकलत होतो, म्हणजे झाकणही त्यांच्याबरोबर वर येत होतं.

गाळ काढल्यावर

मग आम्ही पुन्हा बसलो. या वेळी नियम एकच, पहिला तासभर काहीही वाढवायचं नाही.

आधी गाणाऱ्या आवाजाच्या, गिटारच्या आणि हार्मोनियमच्या ट्रॅकवर साधारण ८० ते १०० हर्ट्झच्या खालचं सगळं छाटलं. तिथे गाणं नव्हतंच. होता तो फॅनचा घुर्र आवाज, टेबलाला लागलेला पाय, माइकवर आदळलेला श्वास. ऐकताना हे फारसं जाणवतही नाही, पण जागा मात्र खातं. मग ३०० हर्ट्झच्या आसपास गिटार आणि हार्मोनियम प्रत्येकी ३ डेसिबल खाली आणली. ३,००० हर्ट्झच्या आसपास दोघांना अजून थोडं, रुंद आणि हलक्या हाताने, मागे सरकवलं. ढोलकी १०० हर्ट्झच्या जवळ घुमत होती म्हणून तिथे बेस गिटार कमी केली आणि तिला तिच्या खालच्या सीटवर नीट बसू दिलं. सगळ्यात शेवटी, गाण्याच्या आवाजाला ३,००० हर्ट्झपाशी एक-दीड डेसिबल दिला. वाढवलं ते एवढंच.

गिटारवाल्याने फक्त स्वतःचा ट्रॅक लावून ऐकला आणि वैतागला. ‘‘ही माझी गिटार अशी पातळ का झाली?’’ एकटी ऐकली तर पातळच वाटत होती. मी सगळे ट्रॅक एकत्र लावले आणि विचारलं, आता कमी पडतेय का? तो दोनदा ऐकून गप्प झाला. ईक्यू करताना आपण सगळे इथेच फसतो. एकेक वाद्य वेगळं काढून त्याला नटवतो आणि मग सगळी नटलेली माणसं एका खोलीत कोंबतो. श्रोता कधीच एकटी गिटार ऐकत नाही. म्हणून निर्णय सगळं एकत्र वाजत असतानाच घ्यायचे.

आणि मग एक गोष्ट झाली जिची मी अपेक्षा केली नव्हती. गाणं मोठं झालं. म्हणजे खरोखर मोठं. डिजिटल रेकॉर्डिंगला शून्य डेसिबलचं छप्पर असतं, त्याच्या वर गेलात की आवाज फाटतो. कमी हर्ट्झच्या ध्वनीत ताकद खूप असते, त्यामुळे छपरापर्यंतची बरीचशी जागा आधी त्या नको असलेल्या घुमाऱ्यानेच अडवली होती. विहिरीतला गाळ काढला की त्याच विहिरीत जास्त पाणी मावतं, तसं झालं. आता पूर्ण गाणं वर घेता आलं आणि लाल दिवाही लागला नाही.

नवी फाइल पुन्हा आईला गेली. या वेळी मेसेज नाही, थेट फोन आला. ‘‘दुसऱ्या कडव्यात विहीर मे महिन्यात भरलेली दाखवलीस होय? आपल्या विहिरीला मे महिन्यात कुठे असतं गं पाणी?’’ मैत्रीण त्यावरून आईशी दहा मिनिटं भांडली. खरं सांगते, गाण्याला मिळालेली इतकी छान दाद मी अजून ऐकलेली नाही.

आपला कान आपल्याला फसवतो

इक्वलायझर हे नाव कुठून आलं माहितीये? टेलिफोनच्या तारांमधून. लांबच लांब तारेतून बोलणं पाठवलं की वरच्या पट्ट्यातला ध्वनी जास्त विरून जायचा आणि पलीकडे बोलणं बोदं ऐकू यायचं. ते पुन्हा समतोल, म्हणजे इक्वल करण्यासाठी जी मंडलं वापरली, ती इक्वलायझर. पलीकडच्या माणसाला कळावं, हा त्यामागचा हेतू. पुढे ते रेडिओत, सिनेमात, स्टुडिओत आलं. १९७२मध्ये जॉर्ज मॅसनबर्ग यांनी पॅरामेट्रिक इक्वलायझरवर निबंध मांडला. कुठला पट्टा, किती रुंद आणि किती कमी-जास्त, हे तिन्ही वेगवेगळं ठरवता येणारा तो ईक्यू. आज तुमच्या लॅपटॉपमधल्या फुकटच्या सॉफ्टवेअरमध्येही तो असतो. म्हणजे साधनाची अडचण उरलेली नाही. अडचण आपल्या सवयीची आहे.

आणि ही सवय कानातच आहे. १९३३मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये हार्वे फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन यांनी दाखवून दिलं की आपला कान सगळ्या पट्ट्यांना सारखा न्याय देत नाही. मधल्या वरच्या पट्ट्याला तो सर्वांत तल्लख असतो आणि आवाज लहान असताना त्याला खालचे सूर कमीच ऐकू येतात. आवाज वाढवला की बेस भरतो, गाणं गोल वाटतं. त्यामुळे तुम्ही ईक्यूचं कुठलंही बटण वर फिरवलंत की ‘वा, काय सुधारलं!’ असं वाटणारच. सुधारलेलं असेलच असं नाही, फक्त वाढलेलं असतं. म्हणून ईक्यूच्या आधीचं आणि नंतरचं ऐकून बघताना दोन्हींचा आवाज सारखा ठेवा. आणि अधूनमधून गाणं इतक्या हळू लावा, की शेजारी बसलेल्याशी सहज बोलता येईल. एवढ्या आवाजातही शब्द कळले, तर ते मागच्या रांगेतही कळण्याची शक्यता पुष्कळ वाढते.

‘‘पण आम्हाला दणकाच हवाय,’’ असं तुम्ही म्हणाल. मला पण हवाय. किकचा ठोका छातीत बसतो तेव्हा कोणाला आवडत नाही? पण तो ठोका बसतो, कारण त्या क्षणी त्या जागेत दुसरं कोणी नसतं. जिथे सगळंच सतत दणकतंय, तिथे दणका कशाला म्हणायचं? नुसता आवाज वाढवत नेण्याची शर्यत मोठमोठ्यांनी करून पाहिलीय. मेटालिकाचा ‘डेथ मॅग्नेटिक’ हा अल्बम २००८मध्ये आला, तेव्हा तो इतका दाबून मोठा केलाय की आवाज फाटतो, अशी तक्रार त्यांच्याच चाहत्यांनी केली. ‘गिटार हीरो’ या व्हिडिओ गेममधली तीच गाणी जास्त चांगली वाटतात, असंही त्यांचं म्हणणं होतं. आता तर त्या शर्यतीला अर्थही फारसा उरलेला नाही. स्पॉटिफाय नेहमीच्या सेटिंगला गाणी साधारण उणे १४ लफ्स या पातळीवर आणून वाजवतं. लफ्स म्हणजे कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं माप. तुमचं गाणं त्याहून मोठं असेल, तर ते मुकाट्याने खाली आणलं जातं. तुमचा फाटलेला आवाज मात्र फाटलेलाच राहतो.

एक कबुलीही देते. ईक्यू म्हणजे जादूची कांडी नाही. माइक लांब ठेवून घुमणाऱ्या खोलीत केलेलं रेकॉर्डिंग तो वाचवू शकत नाही. ‘कमी करा, कमी करा’ म्हणत सगळंच छाटलं तर गाणं पोकळ होतं, तेही मी करून पाहिलंय. कधीकधी वाढवावंही लागतं. पण तो पहिला उपाय नव्हे.

गॅदरिंगवाल्यांनो, हे तुमच्यासाठी

आता स्टेजकडे परत येऊ. गॅदरिंगच्या मीटिंगमध्ये साउंडचा विषय निघतो तेव्हा एकच प्रश्न विचारला जातो, ‘‘किती वॉट?’’ पण हिशोब असा आहे. त्याच स्पीकरला ५०० वॉटऐवजी १,००० वॉट दिले तर फरक पडतो ३ डेसिबलचा, म्हणजे जेमतेम जाणवेल इतका. आवाज कानाला साधारण दुप्पट वाटायला हवा असेल तर १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट ताकद. एवढं भाडं कुठल्या कमिटीला परवडतं? त्याऐवजी हार्मोनियम ३ डेसिबल मागे सरकवायला एक पैसाही लागत नाही.

लागतो तो वेळ. आणि तोच आपण देत नाही. स्टेज सजवायला दोन दिवस असतात, रांगोळीला अख्खी रात्र असते आणि साउंडचेकला? ‘‘पाहुणे आले, चला सुरू करा.’’ मग माइक ‘कूं’ करून केकाटतो आणि सगळे साउंडवाल्या दादांकडे रागाने बघतात. त्यांच्या रॅकमध्ये अनेकदा ३१ दांड्यांचा ग्राफिक इक्वलायझर असतो. हॉलमध्ये नेमकी कुठली दांडी केकाटतेय ते शोधून तेवढीच खाली आणली, की बाकीचा आवाज निर्धास्त वर घेता येतो. हे त्यांना येतं. पण त्यासाठी रिकामा हॉल, सगळे वाजवणारे हजर आणि अर्धा तास, एवढं तरी लागतं. पोस्टरवर साउंडचे वॉट छापण्यापेक्षा कार्यक्रमपत्रिकेत साउंडचेकची वेळ छापा.

यात आपल्या कानांचाही प्रश्न आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास ऐकणं सुरक्षित आहे. ९० डेसिबलला हीच मुदत आठवड्याला ४ तासांवर येते. शब्द कळत नाहीत म्हणून आपण हॉलमध्ये, हेडफोनवर आवाज वाढवत राहतो, तेव्हा कोणाच्या तरी कोंदट मिक्सची किंमत आपले कान मोजत असतात. आणि एकदा गेलेलं ऐकणं कुठल्याच ईक्यूने परत येत नाही.

म्हणून तुम्ही बँडमध्ये असाल, तर पुढच्या तालमीत एक करून बघा. ‘मला वाढव’ म्हणण्याआधी प्रत्येकाने सांगायचं, की मी कुठे मागे सरकू शकतो. हार्मोनियमवाल्याने गाणं सुरू असताना डावीकडचे जड सूर सोडायचे. गिटारवाल्याने कडव्यात थोडं कमी वाजवायचं. हाही ईक्यूच आहे, विजेशिवायचा. तुम्ही मिक्स करत असाल, तर झाल्यावर मोबाइलच्या स्पीकरवर ऐका आणि ज्याने ते शब्द कधीच वाचलेले नाहीत अशा माणसाला ऐकवा. ‘कसं वाटलं?’ विचारू नका, मित्र असेल तर ‘भारी’च म्हणेल. ‘काय ऐकू आलं?’ ते विचारा.

आणि तुम्ही मागच्या रांगेत बसणारे असाल, तर तुमच्यावरही एक काम. पुढच्या वेळी शब्द कळले नाहीत तर ‘आवाज वाढव’ असं ओरडू नका. मध्यंतरात उठून साउंडवाल्या दादांपाशी जा आणि सांगा, ‘‘दादा, मागे शब्द कळत नाहीयेत, बाकीचे जरा कमी करता का?’’ त्यांना हे सांगायला सहसा कोणी येत नाही. तुम्ही जा.